वाल खाल्लेला माणूस

इनासभाऊ मार्तीस यांचं भाषण मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपला अ‍ॅम्प्लिफायर गेला.

जेल रोडच्या एका कोपऱ्यावर सभा होती. माईक माझा, भोंगे माझे. समोर शंभर-सव्वाशे माणसं, त्यातली निम्मी शेजारच्या पाणीपुरीच्या गाडीवरून प्लेट हातात घेऊन सरकलेली. महापालिकेची निवडणूक, अपक्ष उमेदवार, निशाणी शिट्टी. इनासभाऊ उठले, जुना मित्र भेटावा तसा माईकचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि बोलू लागले. आवाज खणखणीत. हातवारे असे की आमच्या नाट्यस्पर्धेत पहिलं बक्षीस घेऊन जावं. पण एक अक्षर कळेना. मराठी नव्हे, हिंदी नव्हे, इंग्रजी तर नव्हेच. मी घाईघाईने वायरी हलवून पाहिल्या. कुठलंसं परदेशी रेडिओ स्टेशन माझ्या भोंग्यात शिरलंय, असा माझा प्रामाणिक समज झाला होता.

पाच मिनिटांनी ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता हेच मराठीत सांगतो."

मराठीत वीस मिनिटं झाली. नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता यायला हवं, गटाराची झाकणं कुठे गडप होतात, दफनभूमीच्या रस्त्यावर दिवा का नाही. लोक खूश झाले, टाळ्या पडल्या. आणि तिसऱ्या रांगेतली एक हाडकुळी म्हातारी शेजारणीला, म्हणजे पर्यायाने सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे मी नाय ऐकलं."

ती नातालमावशी. भाऊंच्या आईची थोरली बहीण. पुढे ओळख झाल्यावर तिने मला सांगितलं, की त्या पहिल्या पाच मिनिटांत भाऊ फक्त आपल्या समाजाच्या तेवीस घरांशी बोलले होते. ते असं, की तुमची मतं मला मिळणारच आहेत, कारण नाही मिळाली तर मावशी तुमच्या घरी येऊन महिनाभर राहील. आता मी नळाचं मराठीत बोलणार आहे. तेवढा वेळ कोणी उठू नका, माणसं कमी दिसतात.

भाऊ निवडून आले. पुढच्या वेळीही आले. आणि दोन्ही खेपांना त्यांनी एकही भाषण आधी आपल्या भाषेत केल्याशिवाय मराठीत केलं नाही. वॉर्डातल्या लोकांना त्याची इतकी सवय झाली की एकदा घसा बसला म्हणून त्यांनी थेट मराठीत सुरुवात केली, तर मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, आधी ते बोला ना, न कळणारं."

ती भाषा कुठली, ते सांगतो. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई नावाचं गाव आहे. चार-पाचशे वर्षांपूर्वी तिथे पोर्तुगीज शिपाई आले, किल्ला बांधला, इथल्याच बायांशी संसार मांडले. मग एक दिवस पोर्तुगीज गेले. लेकरं राहिली. त्या लेकरांच्या चुलीपाशी एक भाषा उरली. ती पोर्तुगीज नाही आणि मराठीही नाही, दोघींची नात म्हणा. ती बोलणारे तिला नो लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. त्या गावातली काही माणसं नोकरीच्या मागे नाशिकरोडला आली आणि इथेच मुरली. एकूण तेवीस घरं. या तेवीस घरांची भाषा, गाणी, स्वयंपाक आणि भांडणं जगाला कळली पाहिजेत, हा इनासभाऊंचा खरा पक्ष. नळ आणि गटारं हा त्यांचा जोडधंदा.

माणूस बुटका, भुवया जाड, अंगात कायम साय-रंगाचा सफारी, खिशाला दोन पेनं. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात एक लांबट वही आणि पुडीत बांधलेली सुकट. जेवणात मीठ कमी पडलं की ते कुरकुरत नसत, पुडी सोडत. महापालिकेच्या सभागृहात जेवणाच्या सुट्टीत ती पुडी सुटली की आजूबाजूच्या चार खुर्च्या आपोआप रिकाम्या होत. भाऊ म्हणत, "बरं झालं, पाय पसरायला जागा झाली."

त्यांचा चेहरा मात्र राजकारणात येण्यासारखा नव्हता. काचेच्या कपाटासारखा होता, आतलं सगळं बाहेरून दिसायचं. एखाद्या ठरावावर भाऊ कुठल्या बाजूने हात वर करणार, हे विरोधकांना ते खुर्चीत बसायच्या आत कळायचं. चहात साखर कमी असली तरी अख्ख्या सभागृहाला समजायचं. मी त्यांना एकदा म्हटलं, भाऊ, तुम्हाला तोंड सांभाळायला शिकवतो, आमच्याकडे तालमीत शिकवतात. ते म्हणाले, "नाटक्या, तू तुझ्या वायरी सांभाळ." मी राज्य नाट्यस्पर्धेत दरवर्षी छोट्या भूमिका करतो, म्हणून ते मला नाटक्या म्हणत. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, शंकाच आहे.

त्यांनी पाच छोटी पुस्तकं लिहिली, सगळी देवनागरीत, कारण नो लिंगला स्वतःची लिपी नाही. एक गाण्यांचं, एक मुलांच्या खेळांचं, एक शेतीच्या शब्दांचं, एक स्वयंपाकाचं आणि एक लग्नाच्या चालीरीतींचं. रहिवासी दाखल्यावर सही घ्यायला जो येई त्याच्या हातात दाखल्याबरोबर एक पुस्तक पडे. दुसऱ्यांदा सहीला आलात तर पुस्तकातलं काय आवडलं ते विचारत. न वाचता आलेल्यांना ते बाकावर बसवून वाचायला लावत. मालेगावहून बदली होऊन आलेला एक लाइनमन या नादात बालगीतं शिकला आणि आमच्या डीपीवर चढून गाऊ लागला.

एकदा द्राक्षांच्या कामासाठी नाशिकला आलेला एक खराखुरा पोर्तुगीज भाऊंच्या हाती सापडला. त्यांनी त्याला घरी ओढत आणलं, बोंबील खाऊ घातले आणि दोन तास नो लिंगमध्ये बोलले. पाहुण्याला चारांतला एखादा शब्द कळत होता. शेवटी तो डोळे पुसत इंग्रजीत काहीतरी बोलला. माझं इंग्रजी बेतास बात, पण मला समजलं ते असं, की माझी खापरपणजी गोधडीखालून बोलत असावी तसं वाटतंय. भाऊंनी जमलेल्या मंडळींना भाषांतर करून सांगितलं, "पाहुणे म्हणतात, आमची भाषा त्यांच्यापेक्षा शुद्ध आहे."

कोपऱ्यातून आवाज आला, "हे मी नाय ऐकलं." मावशीला इंग्रजी येत नव्हतं, तरीही.

भाषणात भाऊ असे सैल. पण कागदावर उतरलं की माणूस बदलायचा. तिथे त्यांचा एकच शब्द असायचा: पुरावा? चिंधूअप्पा नावाचे आमचे दुसरे एक नगरसेवक. त्यांनी आपल्या वॉर्डातल्या विहिरीवर महापालिकेची पाटी लावून घेतली, की या विहिरीचं पाणी पेशवे प्यायले. भाऊ सभागृहात उभे राहिले आणि म्हणाले, पुरावा? अप्पा म्हणाले, माझे आजोबा सांगायचे. भाऊ म्हणाले, आजोबांना कोणी सांगितलं? हे तीन सभा चाललं. शेवटी पाटी उतरली. अप्पा त्या दिवशी भाऊंना म्हणाले, "इनास, तुझ्या पुस्तकातलं सगळं खरं आहे ना रे? एक दिवस मी पण विचारीन." भाऊ म्हणाले, "खुशाल विचारा. एक ओळ खोटी निघाली तर भर सभेत पान फाडीन."

हे वाक्य लक्षात ठेवा. अप्पांनी ठेवलं होतं.

लग्नाच्या पुस्तकासाठी भाऊ तीन वर्षं दर रविवारी नातालमावशीकडे जात. तिचं घर देवळाली गावात, मुलाच्या दोन खोल्यांत. मला बरोबर नेत, कारण माझ्याकडे चांगला रेकॉर्डर होता. मावशी जमिनीवर बसून काहीतरी निवडत, सोलत असायची, भाऊ तिच्यासमोर वही घेऊन आणि मी माईक धरून. नवऱ्या मुलीला नारळाचं दूध कसं चोळतात, गाणी कोण म्हणतं, आधी कुणाच्या पाया पडतात. मावशीने सगळं सांगितलं. भाऊंनी परत विचारलं. तिने परत सांगितलं. भाऊंनी तिसऱ्यांदा विचारलं, कारण पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत एका नारळाचा फरक पडत होता.

असाच एक रविवार. मावशी बिरडं सोलत होती. भिजवून मोड आणलेले कडवे वाल, चिमटीत धरून दाबायचे की साल सुटून दाणा टुणकन परातीत पडतो. भाऊंनी विचारलं, मुलगी घरातून निघताना आणखी काय व्हायचं? काही राहिलं का?

मावशी थांबली. परातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजून एक राह्यलं."

नवऱ्या मुलाचा बापूस दारात येतो. मुलीची मावशी त्याच्या तळहातावर एक भिजवलेला कडवा वाल ठेवते, सालासकट. त्याने तो सगळ्यांसमोर चावून खायचा आणि तोंड वाकडं करायचं नाही. केलं, तर वरात दारातच एक तास उभी. मग दुसरा वाल.

"का पण?" भाऊंनी विचारलं. त्यांनी वहीचं नवं पान उघडलंसुद्धा.

"का म्हंजे? पोरीचं कडू बोलणं पुढे गिळशील का, ते बघायला."

आता मी कबूल करतो. मी नट आहे. संवाद विसरलेला नट पुढचं वाक्य शोधताना हातातल्या वस्तूकडे बघतो, हे मला ठाऊक आहे. मला त्याच क्षणी शंका आली. पण प्रयोग रंगात आलेला असताना विंगेतून खोकायचं नसतं. मी माईक तसाच धरून ठेवला.

भाऊंनी पुरावा शोधलाच. समाजातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांना विचारलं. दोघींनी सांगितलं, हो, अशी चाल आहे. एका गोष्टीला तीन साक्षी. भाऊंनी समाधानाने ती पान एक्केचाळीसवर घातली. मात्र त्या दोघींनी उत्तर देण्याआधी मावशीकडेच चौकशी केली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. तेवीस घरांत साक्षी तीन असल्या तरी मावशी एकच असते.

पुस्तक आलं आणि पुढच्याच लग्नात वाल आला.

लग्न जुझे फोरमनच्या मुलाचं. जुझे म्हणजे कल्लेदार मिशा, निवृत्त माणूस, घरात अजूनही फोरमन. मुलगी सरिता, उपनगरातल्या बौद्ध कुटुंबातली, शाळेत शिक्षिका. तिला भाऊंनी पुस्तक दिलं होतं, आणि ती शिक्षिका असल्यामुळे तिने ते वाचलं होतं. वरात दारात आली तर तिची मावशी वाटी घेऊन उभी. जुझेने वाल तोंडात टाकला, चावला, आणि त्याच्या मिशीचं एक टोक कानाकडे गेलं, दुसरं हनुवटीकडे.

"एक तास," भाऊ म्हणाले आणि घड्याळ काढलं.

वरात खरोखर तासभर उभी राहिली. चर्चमधून दोनदा फोन आला. मी होती नव्हती ती सगळी गाणी वाजवून संपवली आणि पहिल्यापासून सुरू केली. बारावं मिनिट, विसावं मिनिट, असं भाऊ माईकवरून जाहीर करत होते. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की नवरदेव त्यांच्यापुढे फिका. दुसऱ्या वालाला जुझे पुतळ्यासारखा उभा राहिला. डोळ्यांतून पाणी गळलं, पण मिशी हलली नाही. सरिताचे काका माझ्या कानात म्हणाले, "आपल्यात पण पाहिजे होतं राव हे."

पुढची गंमत लग्नानंतरची. सरिताला शाळेच्या कामासाठी आठवडाभर पुण्याला जायचं होतं. जुझेने फोरमनच्या आवाजात सुरुवात केली, की आमच्या घरातल्या सुना... सरिताने भाजी चिरता चिरता विचारलं, "मामा, वाल खाल्लाय ना?"

जुझे बसला. खाल्लाच होता, तोही दोन वेळा, सगळ्या नाशिकरोडसमोर.

हे वाक्य तेवीस घरांत पसरायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. प्रत्येक लग्नात वाल आला आणि प्रत्येक सुनेच्या ओठांवर ते चार शब्द आले. भाऊ मला म्हणत, "बघ नाटक्या, चारशे वर्षं झोपलेली चाल मी उठवली."

मग दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. भाऊ एकेक पान मावशीला वाचून दाखवू लागले, काही चुकलं असेल तर सांग म्हणून. मी होतोच. एक्केचाळीसावं पान आलं तशी मावशी म्हणाली, "ते नको वाचूस. ते बरोबर हाय. ते माझं हाय."

"तुझं म्हणजे?"

"मी घातलेलं."

भाऊंचा चेहरा मी बघितला. काचेच्या कपाटातली सगळी भांडी एकदम खाली आली.

त्यांनी विचारलं, का? मावशीने साध्या आवाजात सांगितलं. लग्न होऊन तिसरा दिवस. तिने आमटी केली, भीतीने मीठ घालायचं विसरली. सासऱ्याने एक घास घेतला आणि ताट उचलून अंगणात कोंबड्यांपुढे पालथं केलं. म्हणाला, जा, उचलून आण. ती उचलून घेऊन आली. त्यानंतर तो अठरा वर्षं जगला आणि त्या अठरा वर्षांत ती त्याच्यासमोर एक वाक्य बोलली नाही.

"तू तीन वर्षं विचारत होतास, लग्नात काय व्हायचं, काय व्हायचं," ती म्हणाली. "जे व्हायचं ते सगळं सांगितलं. त्या दिवशी जे व्हायला पायजे होतं, ते सांगितलं."

भाऊ वही मिटून उठले. गेटपाशी मला एवढंच म्हणाले, "मी अप्पांच्या विहिरीची पाटी उतरवली होती रे."

आठ दिवस त्यांनी कुणाला पुस्तक दिलं नाही. रहिवासी दाखल्यावर नुसती सही करत. लोकांना वाटलं, भाऊ आजारी आहेत. छापखान्याला त्यांनी निरोप दिला, पान एक्केचाळीस कोरं ठेवा, बाकीचं लावून घ्या. आणि समाजाचा वार्षिक मेळावा आला तेव्हा चर्चमागच्या हॉलमध्ये माईकसमोर उभे राहिले. पाहुणे म्हणून चिंधूअप्पा पहिल्या रांगेत. भाऊंनीच बोलावलं होतं, हेतुपुरस्सर.

त्या दिवशी नो लिंग नाही, थेट मराठी. पान एक्केचाळीसवरची चाल जुनी नाही, मी नीट तपासलं नाही, चूक माझी, असं म्हणून त्यांनी पहिल्या आवृत्तीची प्रत हातात घेतली आणि पान फाडलं. माईकजवळ फाडलं, त्यामुळे तो आवाज हॉलच्या चारही भोंग्यांतून आला. मावशीचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, सगळा हॉल तिच्याकडेच बघत होता. तिने पदर सारखा केला, जणू दुसऱ्या कुणाच्या मावशीबद्दल चाललंय.

पहिला उठला जुझे. "मग मी दोनदा खाल्ला तो कशासाठी?"

हॉल हसला, पण सरिता उभी राहिली तसा थांबला. ती शाळेत बोलते तशीच सावकाश बोलली. "भाऊ, पुस्तक तुमचं आहे. त्यातून काढा. वाल आमचा आहे, तो कसा काढणार?"

"पण ते खरं नाही, सरिता."

"आमच्या घरी खरं आहे. मामांना विचारा."

भाऊ म्हणाले, खोट्यावर घर उभं करायचं का? आश्चर्य म्हणजे अप्पांनी ही संधी घेतली नाही. जाताना त्यांनी भाऊंच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेले. माझा अंदाज, त्यांच्याही घरी सुना असाव्यात.

तिढा सुटेना. चाल खोटी असल्यामुळे भाऊंना ती छापता येईना, आणि ती बंद करा असं सुनांना तोंडावर सांगता येईना. पान कोरंच होतं. छापखानेवाला दर सोमवारी फोन करायचा आणि भाऊ म्हणायचे, थांबा. असे तीन महिने. आणि नेमकं त्यातच त्यांच्या स्वतःच्या मुलाचं लग्न ठरलं.

मुलगी रेशमा, सिडकोत राहणारी, आईकडची मंडळी नामपूरची. आता वराचा बाप कोण? इनासभाऊ. सगळ्या तेवीस घरांचं एकच कुतूहल, भाऊ वाल खाणार का. खाल्ला तर स्वतः भर सभेत फाडलेल्या पानावर स्वतःच अंगठा उमटवल्यासारखं. नाही खाल्ला, तर सुनेला पहिल्याच दिवशी सांगितल्यासारखं, की तुझं कडू मी गिळणार नाही.

मी त्या सकाळी सिडकोच्या गल्लीत माईक घेऊन उभा होतो. खरं तर तिथे माईकचं काम नव्हतं. पण मी असला प्रसंग सोडतो की काय.

दारात रेशमाची मावशी, ठसठशीत बाई, हातात वाटी. मागे रेशमा. बाजूला खुर्चीवर नातालमावशी, तिला खास रिक्षाने आणून बसवलेलं. भाऊ पुढे आले आणि थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं, नेहमीप्रमाणे. ते नामपूरच्या मावशींना समजावू लागले, की ताई, ही चाल मुळात आमची नाही, ती खोटी आहे, मी तपास केलाय.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग अहिराणीत म्हणाल्या, "खरी शे का खोटी शे ते मंग दखू, भाऊ. वाल भिजाडेल शे."

खरी की खोटी ते मग बघू, वाल भिजवलेला आहे. याला पुरावा लागत नव्हता. तो वाटीत दिसत होता.

भाऊंनी तो उचलला आणि तोंडात टाकला. आणि ज्या माणसाला चहातली कमी साखर लपवता येत नव्हती, त्याने तो कडवा वाल सालासकट चावला, पुन्हा चावला, गिळला, आणि त्याची भुवईसुद्धा हलली नाही. इतक्या वर्षांत मी रंगमंचावर पुष्कळ कसलेले चेहरे पाहिलेत. तो चेहरा त्या सगळ्यांच्या वर ठेवीन.

मग त्यांनी माझ्या हातातला माईक ओढून घेतला. नो लिंगमध्ये अगदी थोडं बोलले, एका श्वासात संपणारं. आणि नेहमीप्रमाणे भाषांतर केलं.

"कडू आहे," ते म्हणाले. "गिळला."

मी नातालमावशीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. ती काहीच म्हणाली नाही. नुसती मान हलवली. तिने ऐकलं होतं ते हेच होतं.

कुणीतरी शंका काढली, की वाल खाताना बोललेलं चालतं का. त्यावर मात्र ती म्हणाली, "तोंड वाकडं करायचं नाय, एवढंच मी घातलं होतं. बोलायचं नाय असं घातलेलं नाय." आणि वरात पुढे गेली.

सोमवारी छापखानेवाल्याचा फोन यायच्या आत भाऊच तिथे पोचले. दुसऱ्या आवृत्तीत पान एक्केचाळीस आहे. त्यावर जुना मजकूर जसाच्या तसा आहे आणि खाली चार ओळी आहेत: "ही चाल जुनी नाही. ती कोर्लईची नाही, नाशिकरोडची आहे. घालणारी नाताल, माझी मावशी. पुरावा: मी स्वतः वाल खाल्ला आहे." त्या पानाची एक प्रत भाऊ स्वतः चिंधूअप्पांना देऊन आले. अप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, विहिरीचं मी पण असंच लिहायला हवं होतं, की पाणी मी प्यायलो.

भाऊ गेले त्याला आता वर्ष होईल. हृदयाने दगा दिला, त्याआधी काही महिने घरीच होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या घराच्या ओट्यावर. नातालमावशी तेव्हा त्यांच्याकडेच राहायला आली होती, आत खिडकीजवळच्या खाटेवर असायची. भाऊ बरेच उतरले होते, सफारी अंगावर हँगरला लावल्यासारखा. पिशवी शेजारी होती, पण तिच्यात पुडी नव्हती. डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद केलं होतं.

रेशमा वाटीभर आमटी घेऊन आली. बिनमिठाची. ज्या माणसाने जन्मभर पिशवीत सुकट बाळगली, त्याच्यापुढे बिनमिठाची आमटी ठेवताना तिचाच जीव कसनुसा होत होता. भाऊंनी चमचा तोंडात घातला. मी चेहरा बघत होतो. काही हललं नाही.

"कशी झालीये, मामा?" तिने विचारलं.

भाऊ नो लिंगमध्ये काहीतरी बोलले, बऱ्यापैकी लांबलचक.

"म्हणजे?"

"म्हणजे उत्तम झालीये," भाऊ म्हणाले आणि दुसरा चमचा घेतला.

आतून, खिडकीजवळच्या खाटेवरून आवाज आला.

"हे मी नाय ऐकलं."